मनाला लागलेला मुका मार



पंचवटीत हिरावाडीच्या क्रीडा संकुलात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली सराव करतात. अशीच एखादी मुलगी एकाएकी खेळ सोडून घरी बसते. गुडघा बरा झालेला असतो, डॉक्टरांनी पळायला सांगितलेलं असतं. पण शिट्टी वाजली की तिचे हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, नाटकं करते. शेजारीण म्हणते, नजर लागली. आणि काही घरांत लगेच स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून आज हा विषय.

मुका मार आपल्याला ठाऊक आहे. वरून काही दिसत नाही, आत मात्र ठणकत राहतं. मनालाही असा मार लागतो. मोठी दुखापत, डोळ्यांदेखत झालेला अपघात, घरातला मृत्यू, मारहाण, कुणाचा नकोसा स्पर्श, कारण काहीही असेल. प्रसंग संपतो, पण शरीराला ते उमगत नाही. तसा आवाज, तशी जागा आली की छाती धडधडते, अंग आखडतं, रात्री झोप लागत नाही. निम्मं लक्ष भीतीकडे गेलं, तर खेळाकडे किती उरणार?

आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. विहिरी खोदणारा मुलगा, वडील आधीच गेलेले. २०१६ साली तो रिओ ऑलिंपिकमध्ये नाव वल्हवत होता, तेव्हा अपघातात डोक्याला मार लागलेली आई गंभीर आजारी होती. तरी तो तेरावा आला. दोन वर्षांनी त्यानं आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं. त्याचं कौतुक आहेच. पण प्रत्येकीनं एकटीनं दात-ओठ खाऊन सोसावं, असं मात्र नाही.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स पाहा. संघाच्या डॉक्टरनं केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल ती जाहीरपणे बोलली. २०२१ मध्ये टोकियोत उडी मारताना हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेना, म्हणून ती सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. तिनं मनावर उपचार घेतले आणि ते लपवले नाहीत. २०२४ मध्ये पॅरिसला तिनं तीन सुवर्णं आणि एक रौप्य जिंकलं.

हे उपचार कसे असतात? आधी तज्ज्ञ मुलीला सुरक्षित वाटेल असं पाहतात. घाबरल्यावर श्वास संथ कसा करायचा, पाय जमिनीवर टेकवून भान कसं आणायचं, हे शिकवतात. मग तिला झेपेल तसा तो प्रसंग थोडा थोडा बोलायला लावतात. ‘माझंच चुकलं’ ही मनातली गाठ सोडवतात. एका पद्धतीत प्रसंग आठवताना डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये या दोन्ही पद्धतींची शिफारस केली आहे. शेवटी मैदानावर परतणं, तेही पायरीपायरीनं: आधी नुसतं जाऊन बसायचं, मग चालायचं, मग पळायचं. आठवण पुसली जात नाही, तिची धार कमी होते.

घरी आपण काय करायचं? खोदून विचारू नका. ‘विसरून जा’ म्हणू नका. बोलली तर मध्ये न तोडता ऐका, आणि तिच्यावर विश्वास ठेवा. महिनाभरानंतरही झोप, जेवण, खेळ रुळावर येत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलीशी कुणी गैरवागणूक केली असेल, मग तो प्रशिक्षक का असेना, १०९८ ला कळवा. ते झाकून ठेवलं तर घाव आणखी चिघळतो.

पुढच्या बचतगटाच्या बैठकीत हे दोन क्रमांक सगळ्यांच्या वहीत लिहून घ्या. कुणाच्या लेकीला कधी लागतील, सांगता येत नाही.