फ्रेंच गाणं ऐकायचंय? शब्दांचा हात धरा

शांसाँ म्हणजे काय?

फ्रेंचमध्ये ‘शांसाँ’ म्हणजे गाणं. पण रसिक तो शब्द खास करून शब्दप्रधान गाण्यासाठी वापरतात. भावगीतांवर वाढलेल्या मराठी कानाला ही जात लगेच जवळची वाटते.

सुरुवातीचे आवाज

एदित पियाफला १९३५ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर गाताना एका कॅबरेच्या मालकाने हेरलं. ‘ला व्ही आँ रोझ’ तिचंच. झाक ब्रेल मूळचा बेल्जियमचा. त्याचं ‘न म किट पा’ १९५९ चं. शार्ल आझनावूर पॅरिसमध्ये आर्मेनियन आईबापांच्या पोटी जन्मला. त्याचं ‘ला बोएम’ ऐका. नव्यांपैकी झाझ आणि स्ट्रोमाए.

एका गाण्याची गोष्ट

माझं सर्वांत लाडकं गाणं बार्बाराचं. ती ज्यू. महायुद्धात लहानपणी नाझींपासून लपत फिरलेली. १९६४ च्या जुलैत जर्मनीतल्या गॉटिंगेनचं आमंत्रण तिने मन घट्ट करूनच स्वीकारलं. तिथे पोचली तर रंगमंचावर ठरलेला ग्रँड पियानो नाही, साधा उभा पियानो! ती अडून बसली. विद्यार्थ्यांनी धावपळ करून एका आजीबाईंच्या घरून पियानो वाहून आणला. कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि रंगला. बार्बारा तिथे आठवडाभर राहिली. शेवटच्या दुपारी थिएटरच्या बागेत बसून तिने ‘गॉटिंगेन’ लिहायला घेतलं. ज्यांचा द्वेष करायचा, त्यांच्यावर जीव जडल्याचं हे गाणं आहे. पुढे तिने ते जर्मनमध्येही गायलं.

कान कसा तयार करावा

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं बऱ्याचदा गिळली जातात. गाण्यात मात्र एक गंमत होते. ‘फाम’ म्हणजे बाई. बोलताना हा शब्द एका झटक्यात संपतो, पण गाताना पुढे व्यंजन आलं की शेवटचा हलका ‘अ’ जागा होतो. वृत्तातली कविता म्हणताना आपण ‘कमळ’चा शेवटचा ‘अ’ पुरा उच्चारतो, तसंच. आधी नुसतं ऐका, मग अर्थ वाचा, मग शब्द समोर ठेवून पुन्हा ऐका. तिसऱ्या खेपेला गाणं उलगडतं.

दुसऱ्याला देताना

पन्नास गाण्यांची यादी कुणी ऐकत नाही. एकच गाणं पाठवा. सोबत गायकाचं नाव, साल आणि दोन ओळींत मराठी अर्थ लिहा. पहिलं कुठलं, असं विचाराल तर ‘गॉटिंगेन’.