‘वुड’बद्दलचे चार गैरसमज

उद्याच्या रजेचा ई-मेल साहेबांना लिहायचा म्हटलं, की आपल्यातल्या अनेकांचा हात ‘विल’ सोडून ‘वुड’कडे जातो. त्यामागचे गैरसमज असे.

गैरसमज १ : ‘वुड’ घातलं की वाक्य नम्र होतं.
वस्तुस्थिती : विनंती किंवा इच्छा असेल तर होतं. ‘वुड यू सेंड मी द फाइल?’, ‘आय वुड लाइक टु मीट यू.’ पण ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमारो’ ही विनंती नव्हे, माहिती आहे. ‘रजेवर असतो, पण…’ असं काहीसं ते अर्धवट लटकतं. रजा ठरलेली असेल तर सरळ ‘आय विल बी ऑन लीव्ह’ लिहावं.

गैरसमज २ : ‘वुड’ म्हणजे फक्त ‘विल’चा भूतकाळ.
वस्तुस्थिती : ‘शी सेज शी विल कम’चं ‘शी सेड शी वुड कम’ होतं, तेवढ्यापुरतं खरं. पण ‘वुड यू लाइक सम टी?’ मधला चहा आत्ताचाच आहे. रूप भूतकाळाचं, काम अदबीचं. ‘साहेब, जरा एक विचारायचं होतं’ म्हणताना आपणही हेच करतो.

गैरसमज ३ : जुन्या दिवसांबद्दल सांगताना ‘यूज्ड टु’च्या जागी ‘वुड’ कुठेही चालतं.
वस्तुस्थिती : पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीला चालतं : ‘एव्हरी समर वी वुड गो टु कोकण.’ स्थितीला चालत नाही. ‘आम्ही पूर्वी साताऱ्यात राहायचो’ हे ‘वी यूज्ड टु लिव्ह इन सातारा’ असंच होतं. तिथे ‘वुड लिव्ह’ चुकतं.

गैरसमज ४ : जर-तरच्या दोन्ही भागांत ‘वुड’ हवं.
वस्तुस्थिती : ही चूक बरीचशी मराठीच्या वळणाने होते. ‘तू सांगितलं असतंस, तर मी आलो असतो’ यात दोन्हीकडे ‘असणे’चीच रूपं येतात. त्यामुळे ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ कानाला खटकत नाही. प्रमाण इंग्रजीत मात्र ‘इफ’च्या भागात ‘हॅड’ येतं : ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ अमेरिकी बोलण्यात पहिली रचनाही ऐकू येते, पण औपचारिक लेखनात ती टाळलेली बरी. अपवाद विनंतीचा : ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ म्हणजे ‘जरा थांबता का’.

थोडक्यात, मनात एखादं ‘जर’, आर्जव, जुना परिपाठ किंवा दुसऱ्याचं पूर्वीचं बोलणं असेल तर ‘वुड’. उद्याचं ठाम सांगायचं असेल, तर ‘विल’ लिहिण्यात कसलाही उद्धटपणा नाही.