तीस वर्षं जुनी नर्सरी हवी

गांज्यापासून औषध करण्याचा परवाना कोणाला द्यावा? औषध कंपनीला की इस्पितळाला? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 2014 साली एका कायद्यात दिलेलं उत्तर वाचून मी थक्क झालो. परवाना नर्सरीवाल्याला! तोही कालपरवाचा चालणार नव्हता. नर्सरी सलग 30 वर्षं राज्यात नोंदलेली हवी आणि नोंदणी 4 लाखांहून जास्त रोपांची हवी. शिवाय 50 लाख डॉलरची हमी.

या कायद्यामागे अपस्माराने बेजार झालेली मुलं होती. कोलोरॅडोतल्या शार्लट नावाच्या चिमुरडीला आठवड्याला सुमारे 300 झटके येत. गांज्याच्या एका वाणाच्या तेलाने ते कमालीचे कमी झाल्याचं 2013 मध्ये टीव्हीवरून देशभर पोचलं. नशा आणणारं टीएचसी त्या वाणात नाममात्र होतं, नशा न आणणारं सीबीडी भरपूर. फ्लोरिडाने हेच प्रमाण कायद्यात घातलं: टीएचसी 0.8 टक्क्यापर्यंत, सीबीडी 10 टक्क्यांहून जास्त.

पण केंद्राच्या कायद्याने गांजा बंदच होता. त्यामुळे डॉक्टरला नेहमीसारखी औषधाची चिठ्ठी देता येईना. तो राज्याच्या नोंदवहीत रुग्णाचं नाव आणि मात्रा नोंदवणार. माल राज्याबाहेर नेता येणार नाही, बाहेरून आणताही येणार नाही. म्हणून लागवड, तेल काढणं, बाटल्या भरणं, विक्री, सगळं एकाच परवानाधारकाने राज्याच्या आतच करायचं. सगळ्या देशाचा बाजार एक, आणि या एका झाडापुरतं राज्याभोवती जणू कुंपण!

परवाने सुरुवातीला पाचच, राज्याच्या पाच विभागांत एकेक. आरोग्य खात्याने आधी चिठ्ठ्या टाकून ते वाटायचं ठरवलं होतं. प्रशासकीय न्यायाधीशांनी ते रद्द केलं. अखेर नोव्हेंबर 2015 मध्ये पाच नर्सऱ्या निवडल्या गेल्या. घरात ठेवायच्या शोभेच्या झाडांची, हंगामी फुलांची रोपं वाढवण्यात हयात घालवलेली ही मंडळी. जे पीक काल गुन्हा होतं, त्याचा उजळ माथ्याने अनुभव कोणाकडे असणार? रोप ओळखणारे हात तरी असावेत, हा विचार मला मनापासून पटतो. तीस वर्षांची अट मात्र अन्यायाची होती. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना तिने जवळजवळ दारच बंद केलं. 2017 च्या कायद्यात त्यांच्यासाठी एक परवाना राखून ठेवावा लागला.

पहिलं दुकान जुलै 2016 मध्ये टॅलाहासी या राज्याच्या राजधानीत उघडलं. तिथून शेजारच्या जॉर्जिया राज्याची हद्द मोटारीने साधारण अर्ध्या तासावर. दुकानातून राज्याच्या कायद्याप्रमाणे रीतसर घेतलेली तेलाची बाटली खिशात घालून ती हद्द ओलांडणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा होता.