जोड धरतो, पण ताणतो का?

आपल्या स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा कधी निरखून पाहिलाय? सपाट चकती साच्यात दाबून त्याला खोली दिलेली असते. एवढी ओढाताण होऊनही पत्रा फाटत नाही. न तुटता ताणले जाण्याच्या या गुणाला तन्यता म्हणतात. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेला नरम पत्रा तुटण्याआधी 40 टक्के, कधी त्याहूनही अधिक लांबतो.

पण पत्र्याला जोड असेल तर? बँकेत असताना एका कर्जप्रस्तावाच्या निमित्ताने मी बेलोज बनवणारा छोटा कारखाना पाहिला. बेलोज म्हणजे पेटीच्या भात्यासारखी, चुण्याचुण्यांची धातूची नळी. वाफेचे पाइप तापून लांबतात, ती वाढ हा भाता पोटात घेतो. पातळ पत्रा गुंडाळून कडा जोडायच्या आणि आतून पाण्याचा दाब देऊन चुण्या फुगवायच्या. त्या वेळी जोडालाही पत्र्याइतकेच ताणावे लागते. तो कमी पडला, तर उद्या उकळती वाफ एखाद्या कामगाराच्या अंगावर यायची.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी 1960 साली चालवला. आज त्याचा झोत मिलिमीटरच्या अंशाइतका बारीक करून पत्रे जोडतात. धातू क्षणात वितळतो, क्षणात थिजतो. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पाते कडक होते. तसे या निकेलयुक्त पोलादाचे होत नाही. उलट झटपट थंड झाल्याने त्याचे कण बारीक राहतात आणि क्रोमियमला कार्बनशी संधान बांधायला सवड मिळत नाही.

म्हणून सगळे आलबेल असते असे नाही. गंधक-फॉस्फरस जास्त असेल, तर थिजतानाच चीर पडू शकते. दोन कडांमध्ये फट राहिली, तर जोड खचून पातळ होतो आणि सारा ताण तिथेच गोळा होतो. निकेल नसलेल्या क्रोमियम-पोलादात जोडाचे कण जाड होऊन तो ठिसूळ बनतो.

खरी गंमत परीक्षेत आहे. पट्टी ओढली आणि ती जोडापासून दूर तुटली, की जोड मजबूत ठरतो. मजबूत, हे खरे. पण तो स्वतः किती ताणला? जोड जेमतेम मिलिमीटरभर रुंद आणि मोजलेली पट्टी 50 मिलिमीटरची. त्याचा हिशेब सरासरीत बुडून जातो. म्हणून एरिक्सन चाचणीत जोड मधोमध ठेवून पत्रा घट्ट आवळतात आणि 20 मिलिमीटर व्यासाचा गोल ठोकळा खालून दाबत नेतात. चीर पडेपर्यंत वाटी किती खोल झाली, ते मोजतात. इथे जोडाला पत्र्याच्या आड लपता येत नाही.

आम्हा बँकवाल्यांना हे पटायला वेळ लागत नाही. वर्षाची सरासरी शिल्लक उत्तम असलेल्या खात्यातही चेक परत जातो, तो एखाद्याच दिवशी.