शेरूला खाज सुटलीय? डबा मागवण्याआधी हे वाचा

रात्रीचे दोन वाजलेत. उद्या पेपर आहे आणि खाटेखाली शेरूचं खाजवणं काही थांबत नाही. पंजे चाटून चाटून लाल झालेत, कानाला वास येतोय. तुम्ही मोबाइलवर उपाय शोधता आणि समोर येतो प्रोबायोटिक पावडरचा डबा. ‘ॲलर्जीपासून आराम’! पॉकेटमनी उडवायला बोट तयारच असतं. जरा थांबा.

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जंतू. रोगप्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्याशी जोडलेला असतो, म्हणून ॲलर्जीत त्यांचा फायदा होईल ही कल्पना चुकीची नाही. पण पुरावा तोकडा आहे. बीगल पिल्लांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲलर्जीशी संबंधित रक्तातले घटक कमी झाले, मात्र प्रत्यक्ष त्रासात ठळक फरक दिसला नाही. थोडक्यात, प्रोबायोटिक सोबतीला ठीक, पण तो मुख्य इलाज नव्हे.

आधी खाजेचं मूळ शोधा. आपल्याकडे पहिला संशय पिसवांवर घ्यायचा. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्याशा पिसवाही पुरतात. त्यानंतर धूळ, धुळीतले किडे, परागकण. आणि मग खाणं. कुत्र्यांना बहुतेकदा गोमांस, दूध, चिकन किंवा गव्हाची ॲलर्जी होते. आता आठवा, शेरूच्या ताटात रोज काय असतं? दूध-पोळी, नाहीतर चिकन-भात! खाण्याची ॲलर्जी ओळखायला डॉक्टर साधारण आठ आठवडे ठरावीकच आहार देतात. त्या काळात बिस्किटाचा एक तुकडाही सगळी मेहनत पाण्यात घालतो.

डॉक्टर ‘द्या’ म्हणाले, तर डब्यावर एवढं बघा:

स्वाद कशाचा? पावडर चविष्ट करायला अनेकदा चिकन किंवा दुधाचे घटक घालतात. ज्याची ॲलर्जी, तेच डब्यात, असं व्हायला नको.

जंतू कोणता, किती? जंतूचं पूर्ण नाव आणि ‘सीएफयू’ म्हणजे जिवंत जंतूंची संख्या लिहिलेली हवी. ती संख्या एक्स्पायरीपर्यंतची आहे की बनवतानाची, हेही बघा.

उन्हात टिकेल का? यवतमाळचा मे महिना माहीतच आहे. बंद गाडीत किंवा पत्र्याखाली तापलेल्या डब्यात जंतू मरून जातात. बॅसिलस जातीचे जंतू बीजाणूंच्या रूपात असल्याने उष्णता बरी सोसतात.

माणसांचं औषध नको. आपल्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं. ते कुत्र्यांसाठी विषारी आहे.

अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. नवीन गोष्ट एका वेळी एकच सुरू करा आणि तारीख टाकून पंजे-कानांचे फोटो काढत जा. फरक पडला का, ते फोटोच सांगतील.

‘मग घरचं दही चालेल ना?’ हा प्रश्न येणारच. दही आंबवणारा प्रत्येक जंतू प्रोबायोटिक नसतो. शिवाय दुधाची ॲलर्जी असेल तर दही उलट त्रास देईल. आंबवलेल्या दुधाचं विज्ञान शिकायचंच असेल, तर आपल्याच जिल्ह्यात, पुसदजवळच्या वरुडला दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे.

जवळच्या पशुवैद्यकाकडे जा. प्रकरण अवघड वाटलं, तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. त्वचेतून पू येत असेल, कान दुखत असेल, केस गळून चट्टे पडले असतील, तर पावडरचा परिणाम बघत महिना घालवू नका. शेरूला काय होतंय ते तो सांगू शकत नाही, तो फक्त खाजवतो. डब्यासाठी बाजूला काढलेले पैसे आधी तपासणीवर खर्च करा.