सगळ्यांची गाडी एकच

2023 च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात ‘21 गन सॅल्यूट’ हे जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. संस्थानिकांच्या गाड्यांची गंमत अशी, की त्यांची किंमत एकमेवपणात असते. शेजारच्या महाराजांकडे तशीच गाडी दिसली की हौस फिटली म्हणायची. म्हणून कोणी दिवे वेगळे बसवून घेतले, कोणी सगळी बॉडीच नव्याने बांधून घेतली. बडोद्याच्या माणसाला हे नवे नाही. गायकवाडांच्या गाड्यांच्या कथा इथे घरोघरी ऐकायला मिळतात आणि प्रत्येक घरी थोड्या वाढलेल्या असतात.

मोटारींच्या दुनियेत याच्या नेमका उलट एक पंथ आहे. त्यात वीस-पंचवीस गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि त्या सगळ्या एकसारख्या असाव्या लागतात. एकच कंपनी, एकच मॉडेल, एकच इंजिन, एकच टायर. फरक फक्त नंबराचा, रंगाचा आणि आत बसलेल्या माणसाचा. याला ‘वन-मेक रेसिंग’ म्हणतात. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी, रेनॉ, माझदा अशा अनेक कंपन्या अशा मालिका चालवतात. भारतात तर गेल्या तीन-साडेतीन दशकांत ज्याला आपण मोटार रेसिंग म्हणतो, त्याचा मोठा भाग याच पंथातला आहे.

बडोद्याचा याच्याशी संबंध मीरा एर्डा या मुलीमुळे. 2000 साली जन्मलेली मीरा बडोद्याची. 2010 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती कार्टिंगला लागली. कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकलेली, छत आणि सस्पेन्शन नसलेली छोटी गाडी. जगातले बहुतेक रेसर याच शाळेतून येतात. पुढे ती एलजीबी फॉर्म्युला फोर आणि युरो जेके या राष्ट्रीय मालिकांमध्ये उतरली. दोन्ही मालिका एकसारख्या गाड्यांच्या. एलजीबी ही कोइमतूरची रोलॉन चेन बनवणारी कंपनी, तिच्या गाडीत इंजिन मारुतीचे. युरो जेकेची गाडी मुळात फॉर्म्युला बीएमडब्ल्यूची: फ्रान्सच्या मिगालने बांधलेला सांगाडा आणि पाठीमागे बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलचे बाराशे सीसीचे, 140 अश्वशक्तीचे इंजिन. हेल्मेट घातले की आत मुलगी आहे की मुलगा, हे मागून येणाऱ्याला कळत नाही आणि गाडीला तर कधीच कळत नाही. इंग्लंडच्या जेमी चॅडविकने 2018-19 च्या मोसमात आपल्याकडची एमआरएफ चॅलेंज ही एकसारख्या गाड्यांची मालिका जिंकली. ही मालिका जिंकणारी ती पहिली महिला. त्याच्या दोन वर्षे आधी जर्मनीचा मिक शूमाकर याच मालिकेत गाडी चालवून गेला होता. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ही मंडळी धावत होती, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत क्रीडापानाच्या तळाशी चार ओळी आल्या असतील तर आल्या असतील.

कल्पना जुनी आहे. 1973 मध्ये अमेरिकेत रॉजर पेन्स्के आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स’ भरवली. फॉर्म्युला वनचे, इंडीचे आणि स्टॉक कारचे बडे चालक एकत्र आणायचे आणि प्रत्येकाला सारखीच पोर्शे कॅरेरा आरएसआर द्यायची. गाड्या भडक, वेगवेगळ्या रंगांच्या, म्हणजे प्रेक्षकाला लांबून ओळखता याव्यात. कोणाला कोणती गाडी, हे चिठ्ठी टाकून ठरायचे. पहिले विजेतेपद मार्क डोनह्यूने घेतले. 1979 आणि 1980 अशी दोन वर्षे बीएमडब्ल्यूने एम-वन या स्पोर्ट्‌स कारची ‘प्रोकार’ मालिका फॉर्म्युला वनच्या युरोपातल्या शर्यतींच्या जोडीला चालवली. शुक्रवारच्या सरावात वेगवान ठरलेले फॉर्म्युला वनचे चालक शनिवारी कंपनीच्या एम-वनमध्ये बसायचे. एका वर्षी निकी लाउडा विजेता ठरला, दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके. पुढे 1990 मध्ये जर्मनीत पोर्शे कॅरेरा कप सुरू झाला, 1993 मध्ये पोर्शे सुपरकप आणि त्याच वर्षी फेरारी चॅलेंज, 2009 मध्ये लॅम्बोर्गिनीची सुपर ट्रोफेओ. पोर्शेची ‘कप’ गाडी रस्त्यावरच्या 911 बरोबर एकाच कारखान्यात तयार होते.

कंपन्यांना यात काय मिळते, ते उघड आहे. इतर शर्यतींत हरण्याची भीती असते. इथे पहिली येणारी गाडी आपली आणि शेवटची येणारीही आपलीच. शिवाय फेरारी चॅलेंज किंवा सुपर ट्रोफेओतले बरेच चालक हे कंपनीचे गिऱ्हाईकच असतात, तेव्हा शर्यत म्हणजे विक्रीनंतरची एक महागडी सेवा झाली. हे खवचटपणे म्हटले तरी खोटे नाही.

पण धंद्याची बाजू सोडली, तर मागची कारागिरी पाहण्यासारखी आहे. आखाड्याच्या भाषेत सांगायचे, तर वजनगट ठरवून, दोघांना सारखाच लंगोट देऊन जोड लावायची असते. पैलवानांच्या बाबतीत ते काट्यावर उभे केले की जमते. गाड्यांच्या बाबतीत जमत नाही. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेली दोन इंजिने कधीच सारखी ताकद देत नाहीत, दोन-चार अश्वशक्तींचा फरक पडतोच. म्हणून आयोजक इंजिने डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवून मोजतात, जुळणारी निवडतात आणि मग त्यांना सील ठोकतात. बोल्टच्या डोक्याला आडवे भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि तारेच्या टोकांवर शिशाचा मणी दाबून त्यावर छाप उठवायची. वीज मीटरला असते तसेच हे सील. ते तुटलेले दिसले तर वेळेची चर्चाच होत नाही, निकालच बाद. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बंद, गिअरबॉक्स बंद, बऱ्याच मालिकांत शॉक ॲब्सॉर्बरही बंद. चालक आणि त्याच्या मेकॅनिकच्या हाती उरते टायरमधली हवा, मालिकेप्रमाणे अँटी-रोल बारची एखादी खाच, नाहीतर मागच्या पंखाचा कोन. पोरे त्या हवेवरच रात्ररात्र वाद घालतात. टायर तापला की आतला दाब वाढतो. शर्यत वीस मिनिटांची असेल तर कितव्या लॅपला टायर जागेवर यायला हवा, यावरून सुरुवातीचा दाब ठरतो. एक पौंड इकडेतिकडे झाले तर पहिल्या तीन लॅपमध्ये जागा जातात, नाहीतर शेवटच्या तीनमध्ये.

मग वजन. साठ किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचा माणूस एकाच गाडीत बसले तर गाड्या सारख्या कुठे राहिल्या? म्हणून किमान वजन गाडी अधिक चालक असे मिळून धरतात आणि हलक्या चालकाच्या गाडीत तळाला जड पट्ट्या बोल्टने आवळतात. काही मालिकांत जिंकणाऱ्याला पुढच्या शर्यतीत जादा वजन देतात, काहींत पहिल्या शर्यतीचा क्रम उलटा करून दुसरीची सुरुवात होते. हे दोन्ही उपाय मला पटत नाहीत. गाड्या सारख्या करून चालकांतला फरक दाखवायचा आणि तो दिसू लागला की पुन्हा झाकायचा, हा उरफाटा न्याय झाला. प्रेक्षकांना मात्र तो आवडतो.

आपल्याकडची सुरुवात कोइमतूरला झाली. एस. करिवर्धन या हौशी आणि हुशार माणसाने ऐंशीच्या दशकात मारुती 800 चे इंजिन घेऊन एक आसनी रेसिंग गाडी बांधली. फॉर्म्युला मारुती हे तिचे नाव. परदेशी गाडी आणि सुटे भाग परवडत नव्हते. मारुतीचे इंजिन गल्लीतल्या गॅरेजमध्येही खोलता येत होते, तेव्हा स्वस्तात रेसर घडवायचे तर हाच मार्ग होता. नारायण कार्तिकेयनची पहिली शर्यत 1992 मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला झाली, ती याच फॉर्म्युला मारुतीत. 2005 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला. करिवर्धन तोपर्यंत राहिले नव्हते, 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाचा आहे. मधल्या काळात फॉर्म्युला रोलॉन शेव्हरोले नावाचीही मालिका होऊन गेली. शेव्हरोलेच्या गाड्या तेव्हा बडोद्याशेजारी हालोलला बनत असत. 2017 मध्ये जनरल मोटर्सने तो कारखाना बंद केला आणि आता तिथून एमजीच्या गाड्या निघतात. रेसिंगशी हालोलचा एवढाच काय तो संबंध.

मराठी मुलखाचा खरा वाटा पुण्याचा. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 31 मार्च 2009 रोजी सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने पोलो कप सुरू केला. पहिल्या पोलोत 1.6 लिटरचे डिझेल इंजिन होते, 130 अश्वशक्तीचे. डिझेलच्या गाडीची शर्यत म्हटल्यावर जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. 2012 पासून 1.4 लिटरचे, 180 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले. 2015 मध्ये पोलोची जागा व्हेंटोने घेतली, 2017 मध्ये अमिओने. अमिओ कपची गाडी 205 अश्वशक्तीची, सहा गिअरच्या सिक्वेन्शियल गिअरबॉक्सची. ज्या अमिओत एरवी कुटुंब मागे बसून लग्नाला जाते, तिच्यातली मागची सीट, गालिचे, एसी सगळे उपसून आत नळ्यांचा पिंजरा बसवलेला. या गाड्या पुण्यात तयार होत आणि त्यांची देखभालही कंपनीचीच माणसे करत. चालकाने प्रवेश फी भरायची, हेल्मेट आणि सूट घेऊन यायचे. गाडीचे नट आवळायला वडिलांच्या ओळखीचा मेकॅनिक चालत नसे.

कोल्हापूरकरांनी या संधीचा उपयोग करून घेतला. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्र्यांच्या त्या गावात इंजिनाची ओढ आधीपासून होतीच. हुपरी रस्त्यावर मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आणि रेसिंग अकादमी उभी राहिली. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या मालिकेत धावला. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, तीही एकसारख्या गाड्यांचीच मालिका.

स्पोर्ट्‌स कारच्या अंगाने आज भारतात जी मालिका आहे, ती इंडियन रेसिंग लीग. 2022 मध्ये हैदराबाद आणि चेन्नईत तिचा पहिला मोसम झाला. गाडी इटलीची वुल्फ जीबी08 थंडर: कार्बन फायबरचा हलका सांगाडा आणि अप्रिलियाच्या मोटरसायकलचे व्ही-4 इंजिन. क्रिकेटसारखे शहरांचे सहा संघ, प्रत्येक संघात चार चालक आणि त्यांत किमान एक महिला. पहिले विजेतेपद कोचीने नेले. गोव्याचाही संघ होता, मुंबई-पुण्याचा नव्हता. मालक म्हणून मिरवणारे नटनट्या आणि दिव्यांचा झगमगाट यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. पण महिला चालकाची जागा नियमातच ठरवली, ही एक गोष्ट मात्र चोख.

आपल्याकडे हाच प्रकार का रुजला, याचे उत्तर पैशात आहे. इथली रेसिंग टायर कंपन्यांनी जगवली, एमआरएफ आणि जेके यांनी. ज्या मालिकेला टायर कंपनी पैसे देते, तिथे दुसऱ्याचा टायर येणार कसा? टायर एक झाला की गाडी एक करणेही सोपे. त्यातून घरचे इंजिन, मोजके ट्रॅक आणि खर्चाला आवर, हे सगळे आपोआप आले. युरोपात हा प्रकार मुख्य जेवणाबरोबरची कोशिंबीर आहे. आपले मुख्य जेवणच हे.

त्यामुळे त्याच्या मर्यादाही आपल्याच अंगाला जास्त लागतात. कंपनीचे धोरण बदलले की मालिका बंद पडते. मॉडेल बाजारातून गेले की शर्यतीची गाडी अनाथ होते. अमिओचे उत्पादन थांबले, 2022 मध्ये पोलोचेही. आणि गाडी सारखी असली तरी खिसा सारखा नसतो. मोसमाबाहेर ट्रॅक भाड्याने घेऊन सराव करणारा मुलगा आणि शुक्रवारी थेट पहिल्यांदाच गाडीत बसणारा मुलगा यांच्यात शिशाचे कोणतेही सील बरोबरी आणत नाही. बडोद्याहून कोइमतूर किंवा चेन्नईचा ट्रॅक दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे. प्रत्येक शर्यतीला तेवढे जाणे, तेवढे येणे, शिवाय शाळा बुडते ती वेगळीच. मीरा एर्डाने हे केले. तिच्या वेळांच्या तक्त्यात हे कुठे लिहिलेले नसते.

एक गोष्ट मात्र या पंथात इतर कुठल्याही रेसिंगपेक्षा सरस आहे. गाड्या सारख्या असल्याने एकाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडते. काही मालिकांत तर सगळ्यात वेगवान चालकाचा डेटा सगळ्यांना उघडा करतात. त्याने अमुक वळणाला ब्रेक कुठे दाबला, किती जोरात, कधी सोडला, ॲक्सिलरेटर पुन्हा कुठे दाबला, सगळे दोन रेषांत दिसते, एक त्याची आणि एक आपली. मग गाडी खराब मिळाली, इंजिन दमदार नव्हते, या सबबी उरत नाहीत. वळणाच्या शंभर मीटर आधी आपला पाय घाबरून उचलला गेला, हे कागदावर उमटलेले असते.

कधी चेन्नईला किंवा कोइमतूरला जाणे झाले आणि शर्यतीचा शनिवार-रविवार असला, तर जरूर पाहा. गाड्यांच्या शर्यतीत बहुतेक लोक पहिल्या गाडीकडे बघतात. एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीत सातव्या ते बाराव्या क्रमांकाकडे बघा. तिथे सहा जण एका सेकंदात असतात आणि खरी शर्यत तिथेच चाललेली असते.