गेमिंग पीसी जुळवताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

दहावी-बारावीपर्यंत मोबाइलवर बीजीएमआय खेळलेल्या मुलाला एका टप्प्यावर पीसी हवा असतो. मग घरात बोलणी सुरू होतात. कॉलेजला उपयोग होईल, कोडिंग शिकता येईल, व्हिडिओ एडिटिंगही करता येईल. कांद्या-मक्याचे पैसे हाती आले की वडील ‘पन्नास हजारांत बसव’ म्हणतात आणि यूट्यूबवर ‘५० हजारांतला बेस्ट गेमिंग पीसी’ शोधला जातो. यादी सापडते. ती चुकीची असतेच असं नाही. पण ती एसी खोलीत, स्थिर विजेवर चालणाऱ्या मशीनची असते. साक्री-पिंपळनेरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, विजेचा दाब दिवसातून अनेकदा खालीवर होतो आणि बिघडलेला पार्ट घेऊन धुळे, नाशिक किंवा सुरत गाठावं लागतं. त्यामुळे यादीच्या तळाशी ‘कोणताही ४५० वॉट’ म्हणून उरकलेला एसएमपीएस इथे यादीच्या वरच्या टोकाला यायला हवा.

आधी गेम ठरवा, मग पार्ट

दुकानात पहिला प्रश्न बजेटचा विचारला जातो. खरा प्रश्न आहे, खेळायचं काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट एवढंच खेळायचं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही. रायझन ५ ५६००जी या २०२१च्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे आणि सेटिंग कमी ठेवली की त्यावर व्हॅलोरंट चांगलं चालतं. मात्र असा प्रोसेसर रॅममधूनच ग्राफिक्सची मेमरी घेतो. त्यामुळे १६ जीबीची एक काडी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावाव्यात. दोन काड्यांमुळे डेटाची वाट दुप्पट रुंद होते आणि गेममध्ये फरक लगेच दिसतो.

जीटीए ५ नीट खेळायचा असेल किंवा नवे मोठे गेम डोळ्यांसमोर असतील, तर ग्राफिक्स कार्ड हवं. तेव्हा मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतले साधारण ४० टक्के कार्डावर जातात, आणि जाऊ द्यावेत. आरएक्स ६६००सारखं ८ जीबीचं कार्ड आणि त्याला सहा कोरचा रायझन ५ ५६०० किंवा चार कोरचा आय३-१२१००एफ ही जोडी १०८०पीवर आजही टिकून आहे. आय७ घेऊन कार्डात काटकसर करणं ही या बजेटमधली सर्वांत महाग चूक.

प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’कडे नीट बघा. इंटेलच्या एफ मॉडेलमध्ये ग्राफिक्स नसतं. ‘कार्ड दिवाळीत घेऊ’ म्हणून एफ मॉडेल घेतलं, तर दिवाळीपर्यंत स्क्रीन काळीच राहील.

‘आय५ आहे’ म्हणजे काय आहे?

जुन्या बाजारात पंधरा-वीस हजारांत रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटमधला ‘आय५ गेमिंग पीसी’ मिळतो. आय५ हे नाव २००९ पासून चालू आहे. त्यावरून वय कळत नाही. पुढचा आकडा विचारा. आय५-३४७० असेल तर तो २०१२चा, कुठल्या तरी ऑफिसमधून निघालेला प्रोसेसर आहे. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर चालतं आणि विंडोज १०चा मोफत सार्वत्रिक पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यात विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घेतलं, तोच पुढे अडू शकतो.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्डांचंही तसंच आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांवर ते ‘खणणं’ बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नाहीत. पण फॅन आणि थर्मल पेस्ट बदलायची तयारी ठेवूनच भाव करावा. आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून शेडरची संख्या बघा. मूळ कार्डात २३०४ असतात. २०४८ दिसले तर ती त्याच नावाची कमी ताकदीची आवृत्ती आहे. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही एनव्हिडियाची जुनी लाडकी कार्डं स्वस्त झालीत, त्यालाही कारण आहे. या पिढीसाठी नव्या गेमनुसार येणारे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील.

नव्या कार्डांमध्येही एक सापळा आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचं कार्ड मदरबोर्डशी फक्त चार लेनने बोलतं. ए५२० बोर्डावर किंवा ५६००जीसोबत पीसीआयई ३.० मिळतं आणि हे कार्ड आणखी मंदावतं. स्वस्त कार्ड स्वस्त बोर्डावरच लागणार, आणि नेमकं तिथेच ते रडतं.

रॅम इतकी महाग का झाली?

एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की २०२५च्या शेवटच्या महिन्यांत पीसीच्या रॅमचे किरकोळ भाव दुपटीहून अधिक झाले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. बजेट पीसीत वर्षानुवर्षं हीच रॅम आणि एसएसडी बसत आली होती. त्यामुळे वर्षभर जुन्या व्हिडिओतला रॅमचा भाव धरून हिशेब करू नका. जुन्या पीसीतली चालू डीडीआर४ रॅम घरात असेल तर ती वापरता येईल असा बोर्ड घेणं हा सध्या शहाणपणाचा मार्ग आहे. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डांना डीडीआर५च लागते.

एसएमपीएस कसा ओळखायचा?

आता मुख्य मुद्दा. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. बाजूचं लेबल वाचा आणि +१२ व्होल्टसमोरच्या अँपिअरला १२ने गुणा. तिथे १६ अँपिअर असेल, तर कामाची वीज झाली १९२ वॉट. आय३-१२१००एफ पूर्ण जोरात ८९ वॉटपर्यंत जातो, आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॉट घेतं. बेरीज २२१. डब्यावर ४५० लिहिलेलं असूनही पीसी गेम सुरू होताच बंद का पडतो, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ३६-३७ अँपिअर दिसतात, म्हणजे ४४० वॉटच्या आसपास.

‘८० प्लस ब्रॉन्झ’ची खूण असलेली बरी, निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के कार्यक्षमता, असा तिचा अर्थ. पण ती खूण फक्त कार्यक्षमतेची आहे, सुरक्षेची नाही. जास्त दाब, जास्त करंट, शॉर्ट सर्किट यांपासूनची संरक्षणं वेगळी लिहिलेली असतात, तीही तपासा. तिसरी नोंद इनपुटची. काहींवर २००-२४० व्होल्ट असतं, काहींवर १००-२४०. संध्याकाळी दाब १७०-१८० पर्यंत उतरत असेल तर दुसऱ्या प्रकारचाच घ्यावा. पहिला रिस्टार्टचा खेळ करत बसेल.

हे झालं यंत्राचं. भिंतीतल्या वायरिंगकडे कोण बघतो? कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार ‘एसएमपीएस खराब आहे’ म्हणून दुकानात जाते. बहुतेकदा कारण घरात असतं. बोर्डात तिसरी पिन आहे, पण तिच्यामागे अर्थिंगची तारच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला जायला हवा असतो. वाट नसली की तो पत्र्यावर थांबतो. वायरमनला मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम काही व्होल्ट दिसायला हवेत. स्पाइक गार्डलाही पूर्ण काम करायला अर्थिंग लागतं. ते नसेल तर साडेतीनशे रुपयांचा ‘स्पाइक गार्ड’ हा दिवा असलेला एक्स्टेन्शन बोर्डच. आणि वीज गेली, की स्विच बंद करा. ती परत येतानाचा पहिला झटका पार्ट खातो.

यूपीएसवरचा आकडाही असाच फसवा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात. वरचा पीसी आणि मॉनिटर मिळून गेममध्ये पावणेतीनशे-तीनशे वॉट घेतील. ६०० व्हीएवर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळेल. बॅटरी जुनी झाली की तोही नाही. परवडत असेल तर हजार व्हीएच्या वरचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस मोड’ची कळ आहे का बघा. साध्या मोडवर वीज बदलायला लागणाऱ्या वेळात पीसी बंद पडतो, पंख्याला मात्र ते कळतही नाही.

मे महिन्याचं काय?

तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे, तो इथल्या उन्हामुळे. तेच ऊन पत्र्याच्या खोलीतल्या कॅबिनेटवरही काम करतं. चाचणीच्या व्हिडिओत खोली २२ अंशांवर असते आणि कार्ड ६५ दाखवतं. हवा ते ४३ अंशांनी तापवत असतं. खोली ४० अंशांवर गेली, की तेच कार्ड ८३च्या आसपास जाईल. म्हणून पुढे काच असलेलं देखणं कॅबिनेट नको. पुढे जाळी, दोन फॅन आत हवा ओढणारे, एक मागून फेकणारा. बाकी दिव्यांचे पैसे वाचवा.

कूलर थेट पीसीवर सोडू नका. पाण्याचे तुषार आणि धूळ मिळून हीटसिंकवर जो लगदा बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. कूलर खोलीत चालू द्या, पीसी त्याच्या झोतापासून बाजूला ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

वीजबिलाचा हिशेब घरच्यांना आधीच दाखवलेला बरा. तीनशे वॉट, रोज चार तास, महिन्याला ३६ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर पुढचा टप्पा लागतो. आजवर ८० युनिटवर थांबणारं घर त्यामुळे शंभरच्या पुढे जाईल आणि वरच्या युनिटना जास्त दर लागेल. इंटरनेटचंही विचारात घ्या. जीटीए ५ शंभर जीबीच्या आसपास आहे. रोजच्या दीड जीबी डेटावर तो उतरवायला दोन महिन्यांहून जास्त लागतील, तोवर सुट्टी संपलेली असेल.

कुठून घ्यायचा आणि बिघडला तर?

ऑनलाइन, सुरत, नाशिक, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सगळीकडे भाव वेगळे. हजार-पंधराशेच्या फरकासाठी लांबून घेताना एवढं पाहा, की पार्ट बंद पडला तर तो पाठवायचा कोणी? धुळ्याचा दुकानदार स्वतः पाठवून देणार असेल तर तो फरक त्याला द्यायला हरकत नाही. बिल जीएसटीचं घ्या आणि प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला हवा. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा स्वस्त असतो, पण खोक्यातल्या प्रोसेसरवर मिळणारी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्यावर थेट मिळत नाही. कुरिअरने आलेलं खोकं उघडताना व्हिडिओ काढा, मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या पिना त्यात स्पष्ट दिसू द्या. वाकलेल्या पिनेवरून होणारा वाद तिथेच मिटतो.

वाद मिटलाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतेचा असो वा दिल्लीचा, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात, म्हणजे साक्रीकराला धुळ्यात, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीचं शुल्क नाही.

सगळं जुळलं, तरी गेम अडखळतो?

दुकानात परत नेण्याआधी तीन गोष्टी बघा. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू आहे का. ते बंद असेल तर रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा हळू चालते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा निवडलाय का. अनेकदा तो ६०वरच असतो. आणि मॉनिटरची केबल मागे कुठे लावली आहे तेही पाहा. वरच्या बाजूला मदरबोर्डचं एचडीएमआय असतं, खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाचं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर वरच्या जागीही चित्र येतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. केबल खालच्या जागी लावा.